घरातलं तरुण माणूस एड्सने गेलं असेल तर लिहा (अनुभव धागा)

चरईकर
बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, जागा खाली करायचीय म्हणून पोटमाळा उपसत होते. जुन्या पिंपात एक स्टीलचं ताट निघालं, मागे लाल नेलपॉलिशचा ठिपका. लेक विचारतेय हे काय गं, मला काही सुचेचना.

माझा धाकटा मामा. ठाण्यात वागळे इस्टेटला टर्नर होता, टेंभी नाक्याच्या हंडीला वरच्या थरात चढायचा. २००२ च्या पावसाळ्यात ताप जाईना, मग जुलाब, तोंडात पांढरं, पँटला दोरी बांधायची वेळ आली. चाळीत सांगितलं टीबी. टीबी होताच, खोटं नव्हतं, पुढचं तेवढं गिळलं. आजीने त्याचं ताट वेगळं काढलं आणि घासताना मिसळू नये म्हणून मागे ठिपका लावला, ठिपका झिजला की मी शाळेतून आल्यावर हळूच म्हणायची ती तुझी बाटली दे गं. जन्मात कधी नखं रंगवली नाहीत तिने. एकदा मामा तिला म्हणाला, आई, एवढं नटवलंयस तर लिपस्टिकपण लाव की ताटाला! ती हसली नाही, आम्ही हसलो.

२००३ च्या दिवाळीआधी गेला. २००४ च्या १ एप्रिलला सरकारने एड्सची फुकट औषधं सुरू केली, मुंबईच्या जेजे हॉस्पिटललासुद्धा. आई अजून म्हणते, सहा महिने काढायला हवे होते रे.

तुमच्याकडे कुणी असेल तर लिहा, नावं नकोत.

घणसोली_लोकल
काका. तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलवरून लांबच्या गाड्या न्यायचा. मागून काकू पण गेली. चुलतभाऊ निगेटिव्ह निघाला, आमच्याकडेच वाढला, आता ऐरोलीला आयटीत आहे. गाडी आली, चढून लिहितो

खारी_बिस्किट
एड्सच्या जाहिरातीतला बलबीर पाशा आठवतो का कुणाला?? लोकलमध्ये, स्टेशनावर, जिथे बघाल तिथे 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' आमच्या वर्गात एकाचं नावच पडलेलं बलबीर. मी घरी येऊन सगळ्यांना ते नक्कल करून दाखवायचो आणि मावसभाऊ कॉटवर पडल्या पडल्या खो खो हसायचा. त्याला माहीत होतं, मला नव्हतं.

टिकुजिनी
चरईकर ताई वाचून गलबललं. विषयांतर होतंय पण बिल्डर भाडं वेळेवर देतो का? आमच्याने थकवलंय

चरईकर
देतो अजून तरी, कॉर्पसच्या एकरकमी पैशाला टाळाटाळ चालूये. वेगळा धागा काढ बाई, लोक तुटून पडतील :)

पांढरा_कोट_नाही
सरकारी तपासणी केंद्रात काउन्सेलर आहे. ताटाने, संडासाने, डासाने, मिठी मारल्याने एचआयव्ही होत नाही हे तेव्हाही माहीत होतं, चाळीपर्यंत पोचलं नव्हतं, त्यामुळे आजींना दोष देऊ नका. सुरुवातीला सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, साधारण २०० च्या खाली आला तरच औषध मिळायचं, २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की गोळ्या चालू, बहुतेकांना दिवसाला एकच. नियमित घेतल्या आणि व्हायरस तपासणीत सापडेनासा झाला तर संबंधातूनही जोडीदाराला जात नाही. पण आमच्याकडे अजून लोक तोंडाला ओढणी बांधून येतात, ठाण्यातला माणूस गोळ्यांना मुंबई गाठतो, का तर रांगेत शेजारी भेटेल. १०९७ हेल्पलाइन आहे, फुकट. चला, पेशंट आला.

आजी_ऑनलाइन
माझी लेक. नेरुळला दिली होती. मुलाला आजार आहे हे त्याच्या घरच्यांना लग्नाआधी ठाऊक होते. तो गेला. तेराव्याला सासू म्हणाली हिनेच आणले घरात. त्याच दिवशी रिक्षा करून घेऊन आले. मग ती पण गेली २४ वर्षांची. रव्याचे लाडू फार आवडायचे, पाक कच्चा राहिला तर लगेच सांगायची. मला टाईप नीट येत नाही.

खारी_बिस्किट
आजी, उत्तम येतंय. त्या सासूबाईंना मी काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही.

अनामिक
कोपरखैरणे. मोठा भाऊ ९९ ला गेला. त्याला ९१ मध्ये ऑपरेशनला रक्त चढवलेलं, तेव्हा पैसे घेऊन रक्त देणारे असायचे, त्यावर बंदी आली १ जानेवारी १९९८ ला. तर घरात रक्ताची गोष्ट सगळे सांगतात, खरी असेलही. भाऊ बिचारा, त्याची काय चूक. मी स्वतः २०१३ पासून पॉझिटिव्ह आहे आणि मला रक्त कधीच चढलेलं नाही, त्यामुळे माझ्या वाट्याला बिचारा आलं नाही. आई रात्री नऊला गोळीची आठवण करते, बाबा त्या वेळी टीव्हीचा आवाज वाढवतात. तब्येत झकास आहे, चुलीत जाऊ दे बाकीचं.

घणसोली_लोकल
बसायला मिळालं. तर काकाला प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिला होता, सोडू नका म्हणून बजावलेलं. भावकीतले लोक गल्लीच्या तोंडाशी उभे, पुढे कोण येईना. मार्केटमधले चार माथाडी आले, आम्ही त्यांना ओळखतही नव्हतो. एकाने तोंडाजवळचं प्लास्टिक फाडलं, तांब्याने पाणी सोडलं, पंचाने तोंड पुसलं, आणि म्हणाला चला उचला. वडील अजून त्या माणसाला शोधतात, मार्केटला गेले की हमखास.

अनामिक भाऊ, बिचारा नको तेच बरं. भेटू कधीतरी.

टिकुजिनी
अनामिक, शाळा नोकरी दवाखाना कुठेही नाकारलं तर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे बरं का, २०१८ पासून लागू. कागदावर तरी.

आजी, मी पण नेरुळचीच, तुम्ही कुठे?

आजी_ऑनलाइन
मी कोपरीत. ये, लाडू करते.

घणसोली_लोकल
मला नाही का बोलावणं? ट्रान्सहार्बर लोकललाच असतो रोज

आजी_ऑनलाइन
ये की. डायबेटीस नाही ना तुला?