शब्दचर्चा : पत्त्यांच्या ब्रिजमधील ‘फिनेस’ला ‘हुलकावणी’ म्हणावे का?

पृच्छा (निपाणी) : नवशिक्यांसाठी ब्रिजची टिपणे मराठीत करीत आहे. ‘स्मॉल स्लॅम’च्या बोलीत 13 पैकी 12 हात (म्हणजे चौघांच्या एकेका पानाच्या फेऱ्या) करायचे असल्याने एकच हात सोडता येतो आणि खेळणाऱ्याची सारी कसरत दुसरा हात वाचवण्यासाठी असते. तिथे वरचेवर येणाऱ्या ‘फिनेस’ला (मोठे पान कोणाकडे आहे याचा अंदाज धरून खालच्या पानाने हात करण्याच्या युक्तीला) ‘हुलकावणी’ म्हटलेले चालेल का?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव) : मला तो शब्द पटत नाही. हुलकावणीत समोरचा फसावा लागतो. इथे कोणीच फसत नाही. एक्का-राणी माझ्याकडे आणि राजा उजवीकडच्या गड्याकडे असेल, तर डमीतून (जोडीदाराच्या उघड्या मांडलेल्या पानांतून) पान उतरल्यावर त्याने राजा टाकला की मी एक्का टाकतो, नाही टाकला की राणी. राजा डावीकडे असला तर माझीच राणी जाते. म्हणजे शक्यता निम्मी. एक्का-राणीच्या अशा जोडीला ‘टेनेस’ म्हणतात आणि हा शब्द स्पॅनिशमधल्या सांडशीच्या नावावरून आलेला आहे. म्हणून ती जोडी म्हणजे ‘चिमटा’ आणि फिनेस म्हणजे ‘चिमटा लावणे’, असे मी सुचवीन.

आता सहा इस्पिकांचा, म्हणजे इस्पिक हुकूम (बाकी रंगांना कापणारा रंग) ठरवून 12 हात करायचा, एक डाव पाहा. हुकूम भक्कम आहेत, हातात आणि डमीत तीन-तीन किलवर असून त्यांचे एक्का, राजा, राणी आपलेच आहेत, बदामही तीन-तीन असल्याने एक्का-राजानंतर तिसरा हात जाणारच आहे, आणि चौकटची एक्का-राणी खेळणाऱ्याकडे आहे. घाईने चिमटा लावू नये. आधी प्रतिपक्षाचे हुकूम काढावेत, तिन्ही किलवर आणि बदामाचे एक्का-राजा खेळून घ्यावेत आणि मग बदामाचा तो जाणारा हात सोडावा. तो डावीकडच्याने घेतला, तर त्याला एक तर चौकट उतरून आपल्या चिमट्यात यावे लागते, नाही तर दोन्हीकडे संपलेला रंग उतरावा लागतो, आणि डमीत हुकूम शिल्लक असल्यास तो तिथे कापून हातातली राणी फेकता येते. उजवीकडच्याने घेतला, तरी नेहमीचा चिमटा उरतोच. याला आम्ही ‘हात गळ्यात मारणे’ म्हणतो. पुस्तकी नाही, पण नेमके आहे. ‘स्क्वीझ’ला मात्र ‘कोंडी’ हाच शब्द ठेवावा, कारण तिथे गड्याला दोन रंग राखायचे असतात आणि एकाचे पान टाकणे भागच पडते.

पुरवणी (खानापूर) : वरील उत्तराशी सहमत आहे, पण आपल्या भागात खरी अडचण ‘हुकूम’ या शब्दाची आहे. कानडी भिडू त्याला ‘तुरुप’ म्हणतात, त्यात गोंधळ नाही. परंतु हिंदी बोलणारे भिडू इस्पिकालाच ‘हुकुम’ म्हणतात. आमच्या टेबलावर एकाने ‘हुकुम की रानी गेली का?’ असे विचारले आणि जोडीदाराने बदामाची राणी मोजली, कारण त्या डावात हुकूम बदामाचे होते. टिपणांत इस्पिक आणि हुकूम हे शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवावेत. सहा इस्पिकांच्या बोलीत ही चूक झाकली जाते. सहा बदामांत उघडी पडते.