शब्दचर्चा : 'रक्त पातळ करायची गोळी' आणि प्लेटलेटचे पुंजके

नवीपेठकर : हृदयाच्या पेशंटांसाठी एका दवाखान्याचं माहितीपत्रक मराठीत करतोय. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलच्या पानावर अडलोय. आपल्या सोलापुरात सगळे 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. तेच ठेवू का? पुढे असंही आहे की काही जंतुसंसर्गांत जिवाणूंमुळे प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) एकमेकींना चिकटतात. त्या 'क्लंपिंग'ला काय लिहावं? गुठळी, गाठ, समूहन?

बाळीवेस_मेडिकल : पातळच ठेवा की. 'बिंबाणूरोधक' (बिंबाणू म्हणजे प्लेटलेट) वाचून कोण गोळी मागणार आहे?

निवृत्त_फिजिशियन : बिंबाणूरोधक नकोच, पण 'पातळ'ही नको. पातळ म्हटलं की पेशंटला वाटतं, रक्तात पाणी वाढलं. जरा थकवा आला की दोष गोळीवर, आणि मग ती परस्पर बंद. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवलेल्या माणसानं असं केलं तर स्टेंटच बंद पडू शकतो. रक्ताचा दाटपणा या गोळ्यांनी बदलत नाही. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधलं कॉक्स-१ हे एन्झाइम कायमचं निकामी करतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे नवं एन्झाइम तिला बनवता येत नाही, आणि ७ ते १० दिवसांचं आयुष्य ती तशीच काढते. क्लोपिडोग्रेलची वाट निराळी, पण परिणाम तोच : प्लेटलेट एकमेकींना सहज धरत नाहीत. वॉरफरिन आणि हेपारिनलाही लोक 'पातळ करणारी'च म्हणतात. ती तर रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीवर काम करतात. दोन निराळ्या औषधांना एकच नाव पडलं की पत्रक वाचून घोटाळा व्हायचाच. 'प्लेटलेट चिकटू न देणारी गोळी' लिहा. लांब आहे, असू दे.

साखरपेठ : गुठळी मात्र नको. आमच्या घरी तेलुगूत 'रक्तम् गड्डकट्टिंदि' म्हणतात, शेजारच्या कन्नड आजी 'हेप्पुगट्टु' म्हणतात (हेप्पु म्हणजे विरजण). हे सगळे रक्त गोठण्याचे शब्द, मराठीतल्या साकळण्यासारखे. गुठळीत फायब्रिन या धाग्यांसारख्या प्रथिनाचं जाळं असतं, लाल पेशी त्यात अडकतात. नुसत्या प्लेटलेट एकमेकींना धरून बसल्या तर तो पुंजका. समूहन वगैरे परीक्षेच्या पेपरात शोभेल.

नवीपेठकर : पुंजका आवडला. पण जिवाणू तो करतात कसा? ते कळल्याशिवाय क्रियापद सुचत नाही. 'होतो', 'करतात' की 'घडवतात'?

निवृत्त_फिजिशियन : 'करवतात' म्हणा, प्रयोजक रूप इथे नेमकं बसतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या पृष्ठभागावर क्लंपिंग फॅक्टर ए नावाचं प्रथिन असतं. ते रक्तातलं फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनतं ते प्रथिन) पकडतं आणि त्याच फायब्रिनोजेनला दुसऱ्या बाजूनं प्लेटलेट धरते. शरीरानं जिवाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडंही या कामाला लागतात, हा त्यातला विनोद. तोंडात राहणारा स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिससुद्धा रक्तात उतरला तर हेच करवू शकतो. हृदयाच्या आधीच खराब असलेल्या झडपेवर असा पुंजका वाढत गेला की एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा, झडपांचा संसर्ग. जिवाणू त्याच्या आत दडतात, पांढऱ्या पेशींना तिथे शिरणं अवघड जातं. तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात. झडपेवरच्या या वाढीला इंग्रजीत 'व्हेजिटेशन' म्हणतात. तिथे 'वनस्पती' लिहू नका म्हणजे झालं.

बाळीवेस_मेडिकल : मग अशा पेशंटला अ‍ॅस्पिरिन दिलं की पुंजका सुटेल ना?

निवृत्त_फिजिशियन : तसं वाटणं साहजिक आहे. एंडोकार्डायटिसच्या पेशंटांना रोज ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देऊन पाहिलेली चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तुकडे सुटण्याचं प्रमाण कमी झालं नाही, रक्तस्रावाचा कल मात्र वाढीकडे दिसला. टिकाग्रेलॉर हे प्लेटलेट चिकटू न देणारं आणखी एक औषध काही जिवाणूंना थेट मारतं, असं २०१९ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं, पण नेहमीच्या डोसनं रक्तात येते त्याहून जास्त मात्रेत. त्यामुळे 'ही गोळी संसर्गावरही चालते' असा अर्थ पत्रकातून निघता कामा नये. तिथे उपचार अँटिबायोटिकचाच. आणि प्लेटलेटला खलनायिकाही करू नका. जिवाणूंना मारणारी प्रथिनं ती स्वतःही सोडते.

सातरस्ता_लॅब : रक्ताच्या रिपोर्टातल्या 'प्लेटलेट क्लंप्स सीन'चं (पुंजके दिसले) काय करणार? डेंग्यूच्या दिवसांत ते वाचून लोक धावत येतात, 'पांढऱ्या पेशी उतरल्या' म्हणत. (प्लेटलेट ही पांढरी पेशी नव्हे, पण ते सांगून सांगून थकलो.) पुष्कळदा ते पुंजके शरीरात नसतातच. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट नळीतच चिकटतात, मशीनला कमी दिसतात. निळ्या टोपणाच्या, सायट्रेट या दुसऱ्या तशाच रसायनाच्या नळीत पुन्हा रक्त घेऊन, काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की उलगडा होतो.

साखरपेठ : मग 'नळीतले पुंजके' असंच लिहा, त्यात काही अडत नाही. बाकी प्लेटलेट स्त्रीलिंगीच ठेवा, 'प्लेटलेट्स वाढल्या' असंच आपण बोलतो.

नवीपेठकर : कच्चं वाक्य असं : 'ही गोळी रक्त पातळ करत नाही, प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही. काही जिवाणूही प्लेटलेटचे पुंजके करवतात. त्यावर ही गोळी उपाय नाही.' चालेल?

बाळीवेस_मेडिकल : चालेल. खाली एक ओळ जाड टायपात टाका : 'दात काढायच्या आधी ही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारा.' काउंटरवर हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो.