गेटजवळची पपई तोडायची का?

ए-१०१ (सेक्रेटरी): सुप्रभात. गेटजवळच्या पपईने माना टाकल्यात. माळी म्हणतो झाड मेलं, उद्या तोडतो. कुणाची हरकत?

बी-२०४ काकू: अहो थांबा! सात फळं आहेत त्यावर. मी मोजलीत.

सी-३०१: काकू, पानं उकडलेल्या पालकासारखी झालीत. निफाडला पारा ६ वर आहे म्हणे.

डी-४०२ नाना: तोडू नका. पिंपळगावला आमची द्राक्षबाग होती, या थंडीशी निम्मं आयुष्य भांडलोय. पान करपलं म्हणजे झाड गेलं असं नाही. शेंडा बोटाने दाबून बघा. टणक लागला तर जिवंत. मऊ पडून पाणी सुटलं असेल तर शेंडा गेला, पण तरी खालून फूट येऊ शकते. आणि करपलेली पानंही काढू नका, आतल्या शेंड्याला तेवढंच पांघरूण. शिवरात्र होऊ द्या, मग काय ती छाटणी.

ए-५०३: नाना, मी गच्चीतल्या केळीला प्लास्टिक गुंडाळलं होतं. तरी पोगा (मधलं न उलगडलेलं कोवळं पान) काळा पडला 😔

डी-४०२ नाना: प्लास्टिक जिथे पानाला टेकतं तिथेच पान जळतं. चार काठ्या रोवून वर गोणपाट नाहीतर जुनी सुती साडी टाका, अगदी जमिनीपर्यंत. दिवसभर तापलेली माती रात्री ऊब सोडते, ती आत अडली पाहिजे. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, ती रात्र वाईट. ढग असले तर खुशाल झोपा. सकाळी ऊन आलं की साडी काढायची, विसरू नका.

सी-३०१: बागायतदार पेटवतात तशी शेकोटी करूया का? हुरडा पण होईल 😄

ए-१०१ (सेक्रेटरी): पार्किंगमध्ये शेकोटी चालणार नाही.

डी-४०२ नाना: दोन झाडांना कशाला शेकोटी? पहाटे बोअरचं पाणी कोमट असतं, ते थोडं द्या. ओली माती ऊब जास्त धरते. बुंध्याशी पालापाचोळा पसरा. पाणी तुंबू मात्र देऊ नका, पपईचं मूळ लगेच कुजतं.

बी-२०४ काकू: मी परवाच मूठभर युरिया टाकला तिला. अशक्त वाटली म्हणून.

डी-४०२ नाना: वहिनी!! युरियाने कोवळी फूट येते आणि थंडीत तीच आधी जळते. आता मार्चपर्यंत काही घालू नका.

ए-५०३: आंब्याची कुंडी घरात घेऊ?

डी-४०२ नाना: मोठ्या आंब्याला थंडी लागतेच, त्याशिवाय मोहोर धरत नाही. तुमचं कलम लहान आहे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवा, ती दिवसभर तापते.

ए-१०१ (सेक्रेटरी): शेंडा दाबून आलो. टणक आहे. माळ्याला नको म्हणून कळवलं.

बी-२०४ काकू: साडी मी देते. पण धुऊन परत हवी.

सी-३०१: आणि ती सात फळं कुणाची?

ए-१०१ (सेक्रेटरी): हा मेसेज डिलीट केला आहे

बी-२०४ काकू: मी वाचला हं.