जुना टँक लाइट: दुरुस्ती की भंगार? (‘भिकेचे डोहाळे’वाल्यांना उत्तर)

उद्यमनगरकर
परवा एकानं साधा प्रश्न विचारला होता. माशांच्या जुन्या टँकबरोबर चार फुटी, दोन बारीक ट्यूबचा टी५ लाइट आलाय, एक बाजू पेटत नाही, काय करू? त्यावर एका शहाण्याचं उत्तर: ‘हात न लावता भंगारात घाला, ऑनलाइन एलईडी मागवा. जुनं दुरुस्त करणं म्हणजे भिकेचे डोहाळे.’ वर त्याला ढीगभर लाइक.

कोल्हापुरात राहून असं बोलवतं कसं ओ? उद्यमनगरात नमुना दाखवला की लेथवर सुटा भाग करून देतात, आणि इथं दोन स्क्रू काढायची चोरी!

पेटत्या बाजूची ट्यूब बंद बाजूला लावा. पेटली तर जुनी ट्यूब गेली, विषय संपला. नाही पेटली तर होल्डरच्या पत्र्या बघा, टँकची वाफ तिथंच बसते आणि पितळ हिरवं पडतं. होल्डर स्वच्छ असेल तर चोक, म्हणजे ट्यूब पेटवणारा डबा, गेलाय. एवढंच. हां, ट्यूब घेताना वॅट वाचून घ्या. २८ आणि ५४ वॅटची टी५ लांबीला सारखीच असते, दुकानदार बिनधास्त २८ ची हातात ठेवतो आणि ५४ च्या चोकवर ती लवकरच काळी पडते. मग लोक म्हणणार, लाइटच बाद.

शाहूपुरीचा गप्पी
तो शहाणा मीच. नमस्कार.

चोक मिळेल, होल्डर मिळेल. ट्यूब? मिनामाटा कराराच्या (पाऱ्याचा वापर कमी करायचा जागतिक करार, ट्यूबमध्ये पारा असतो) देशांनी २०२३ मध्येच ठरवलंय की फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन, आयात-निर्यात २०२७ पर्यंत बंद. भारत त्या करारात आहे. मग ट्यूब काय लेथवर करून घेणार?

वर ५४ च्या दोन म्हणजे १०८ वॅट. रोज आठ तास लावला तर महिन्याला २६ युनिट. बिल तुम्ही भरता की सासरे?

कळंब्याची पाणवेल
सासऱ्यांवर जायचं काम नाही.

आणि एलईडी एलईडी काय लावलंय? मी घेतला होता एक ऑनलाइन. बॉक्सवर ६० वॅट, मीटर लावला तर १८. माझा रोटाला (पाण्यातली लाल पानांची वनस्पती) टी५ खाली लालभडक, गच्च होता. त्या निळ्या उजेडात दोन पानांत बोटभर अंतर पडलं. चांगला एलईडी वाईट नसतो, मान्य. पण तो घ्यायचा तर ‘भंगारात घाला’ म्हणणाऱ्यानं किंमतही सांगावी. नुसते मासे असतील तर कुठलाही चालेल, माशाला कुठं अभ्यासाला बसायचंय?

पेठेतला वायरमन
सगळं वाचलं. अर्थिंगचं कुणीच बोललं नाही. शाब्बास.

जुना टी५ म्हणजे पत्र्याची बॉडी, खाली पाणी. सेकंडहँड लाइट आला की निम्म्या वेळा तीन पिनचा टॉप काढून दोन पिनचा बसवलेला असतो आणि हिरवी वायर कापून टेप मारलेली. एका गिऱ्हाईकाच्या टँकमध्ये हात घातला की मुंग्या यायच्या. म्हणे फिल्टरचं व्हायब्रेशन आहे! पिन मोडणाऱ्यांना आधी उन्हात उभं केलं पाहिजे.

उद्यमनगरकर
काका, विषय लाइटचा आहे. आणि आमच्या बोर्डाला आरसीसीबी आहे, करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. तो असला की अर्थिंगचं एवढं कौतुक नको.

पेठेतला वायरमन
हेच! अर्धवट ज्ञान! आरसीसीबी जाणाऱ्या-येणाऱ्या करंटमधला फरक बघतो. ३० मिलिअँपिअरवाला तेवढ्या गळतीला तोडतो. पण गळतीला वाट मिळाली तर फरक पडणार ना? अर्थिंग असलं तर बॉडीत करंट उतरल्या उतरल्या ट्रिप. नसलं तर तो बिचारा तुमचा ओला हात लागायची वाट बघत बसणार.

राजारामपुरी भाडेकरू
आमच्या फ्लॅटमध्ये बोर्डाला तिसरं भोक आहे, मागं वायरच नाही. मालकाला सांगितलं तर म्हणतो, ‘वीस वर्षांत कुणी मेलं का?’ भाडं मात्र दरवर्षी वाढतं. अकरा महिन्यांच्या करारात अर्थिंग लिहून घेता येतं का?

शाहूपुरीचा गप्पी
म्हणूनच म्हणतो, बारा व्होल्टचा अडॅप्टरवाला एलईडी घ्या. पाण्यावर २३० लटकवायचेच कशाला?

पेठेतला वायरमन
अडॅप्टर टँकच्या झाकणावरच ठेवणार ना तुम्ही? बघितलेत असले. अडॅप्टर भिंतीला, आणि वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर. पाणी ओघळलं तर झोलावरून खाली पडतं, सॉकेटात जात नाही.

उद्यमनगरकर
झालं तुमचं? आता सांगा, अर्थिंग नाही म्हणून लाइट फेकायचा, की अर्थिंग करायचं? ही पण दुरुस्तीच झाली की मर्दा!

पेठेतला वायरमन
लाइट फेका असं मी कुठं म्हटलं? भांडायची एवढी घाई, की कोण कुणाच्या बाजूला आहे तेही कळंना.

मूळ प्रश्नवाला
दादा, मीच विचारलं होतं. काल लाइट उघडला. हिरवी वायर कापलेलीच आहे. होल्डर स्वच्छ. अदलाबदल करून बघितली, दोन्ही ट्यूब एकाच बाजूला पेटतात. बंद बाजूची ट्यूब हातानं चोळली की मात्र कधी कधी पेटते.

पेठेतला वायरमन
चोळू नका!! प्लग काढा आधी. बऱ्याच टी५ ला पेटायला मागचा पत्रा अर्थ झालेला लागतो. तुमचा हात ते काम करतोय. जाणकाराकडून तीन पिनचा टॉप आणि हिरवी वायर बॉडीला जोडून घ्या, सॉकेटला अर्थिंग येतंय का तेही तपासायला सांगा. तरी नाही पेटली तर त्या बाजूचा चोक.

शाहूपुरीचा गप्पी
बरं बाबा, वायरीच्या तुकड्यात होत असेल तर करा. जिंकलात. २०२७ नंतर ट्यूब शोधत माझ्याकडे येऊ नका म्हणजे झालं.

कळंब्याची पाणवेल
मी आत्ताच चार घेऊन ठेवल्यात. ५४ वॅटच्या. वाचून.

राजारामपुरी भाडेकरू
माझ्या कराराचं कुणी सांगणार आहे का?