शब्दचर्चा: पार्किंगपासून बिल्डिंगपर्यंत जमिनीखालून जाते त्या वाटेला मराठीत काय म्हणायचं?

डाउनटाउनकर

मी ह्यूस्टनला असते, ऑफिस डाउनटाउनमध्ये. इथल्या बऱ्याचशा मोठ्या बिल्डिंगा जमिनीखालून एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि गाड्या लावायची गराजंही त्यातच जोडलेली, म्हणजे सकाळी गाडी लावायची, लिफ्टने खाली उतरायचं, खालूनच चालत आपल्या बिल्डिंगखाली पोचायचं आणि तिथून वर, मधे रस्त्यावर पाऊल ठेवायची गरजच नाही, आणि इथला जुलै-ऑगस्ट ज्यांनी काढलाय त्यांना याची किंमत कळेल. सगळे याला टनेल म्हणतात, आम्ही मराठी मंडळीही 'चल टनेलमध्ये जेवू' असंच म्हणतो. आता आई-बाबा आलेत, त्यांना ऑफिस दाखवायचंय, म्हणून आईसाठी रस्ता मराठीत लिहून काढत होते आणि नेमकी या शब्दाला अडले. 'भुयारातून सरळ या' वाचून आईने विचारलं, भुयारात दिवे असतात का गं? 'बोगदा' म्हटलं तर खंडाळ्याचा घाट आठवतो. 'भुयारी मार्ग' त्यातल्या त्यात बरा, पण तो रस्ता ओलांडण्यापुरता असतो ना? इथे खाली खाण्याची दुकानं आहेत, न्हावी आहे, बूटपॉलिश आहे, दातांचे डॉक्टरसुद्धा आहेत. तुम्ही काय म्हणता?

घाटमाथा

बोगदा अजिबात नको. बोगदा हा आरपार असतो, डोंगर किंवा असाच काहीतरी अडथळा मधे आला म्हणून तो पोखरून काढलेला, एका तोंडाने आत गेलं की दुसऱ्या तोंडाने बाहेर. 1863 मध्ये बोर घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा 25 बोगदे होते, मग पारसिकचा, कात्रजचा, खंबाटकीचा, कोकण रेल्वेवरचा करबुडेचा, सगळे डोंगरातले. मुंबईच्या कोस्टल रोडचे जुळे बोगदेसुद्धा मलबार हिलखालून जातात म्हणून तो शब्द तिथे बसतो. शिवाय बोगद्यातून आपण *जातो*, बोगद्यात कोणी थांबत नाही. दातांचा डॉक्टर बोगद्यात बसलाय हे वाक्य मराठी कानाला सहनच होणार नाही.

मुलुंडकर

मुंबईत सरळ सबवे म्हणतात हो. सीएसएमटीचा सबवे, चर्चगेटचा सबवे, आणि सीएसएमटीच्या सबवेत दुकानं आहेतच की, मोबाइलची कव्हरं, बॅगा, घड्याळं, लोक तिथे नुसते रस्ता ओलांडायला थोडेच जातात. हा शब्द ब्रिटिश वापरातून आपल्याकडे आला, तिकडे सबवे म्हणजे रस्त्याखालून चालत जायची वाट. पण अडचण अशी आहे की अमेरिकेत सबवे म्हटलं की न्यूयॉर्कची रेल्वे, त्यामुळे ह्यूस्टनमध्ये बसून कोणी 'सबवेने या' लिहिलं तर पुढचा माणूस स्टेशन शोधत बसेल. आणि मुंबईतही आता घोळ आहेच, अंधेरी सबवे, मिलन सबवे हे गाड्यांचे, तिथे पहिल्या मोठ्या पावसात पाणी भरतं आणि वाहतूक बंद होते. म्हणजे नुसतं सबवे म्हटलं तर चालायचा की गाडीचा हे ज्याला जागा माहीत आहे त्यालाच कळतं.

जुनी पोथी

तुमच्या आईंनी दिवे विचारले यातच भुयार शब्दाचा सगळा स्वभाव आलाय. भुयार हा भूमिगृहापासून आलेला शब्द, मुळात जमिनीखालची *खोली*. नंतर त्यात वाट आली पण ती लपायची, पळायची. अमुक देवळातून तमुक गडापर्यंत भुयार आहे अशी गोष्ट नाही असं गाव महाराष्ट्रात सापडणं कठीण. त्यामुळे नुसतं नाम वापरलं की अंधार, गुपित, वटवाघळं हे सगळं सोबत येतं.

'भूमिगत' पण टाळा. आपल्याकडे 1942 पासून भूमिगत म्हणजे पोलिसांना चुकवून लपलेला माणूस.

हिंदीवाले सुरंग म्हणतात, तो तर मुळीच चालणार नाही, आपल्याकडे सुरुंग म्हणजे स्फोट. विहिरीला सुरुंग लावतात, भूसुरुंग पेरतात. शब्द मात्र एकच आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरुङ्गा म्हणजे जमिनीखालची वाट, आणि अभ्यासक त्याचं नातं ग्रीक भाषेशी लावतात. मग आपल्याकडे अर्थ कसा फिरला असेल याचा चांगला दाखला चाकणला आहे. 1660 मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेला फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने दाद दिली नाही, तेव्हा मोगलांनी तटाखालपर्यंत भुयार खणत नेलं, त्यात दारू ठासली आणि बुरूज उडवला. खणलेली वाट आणि त्यात ठासलेली दारू दोन्ही एकाच कामाचे भाग, हिंदीने वाट ठेवली आणि मराठीने दारू ठेवली असं मला वाटतं.

डाउनटाउनकर

वा, सुरुंगाचं माहीतच नव्हतं!

थोडं अजून सांगते म्हणजे नेमका शब्द सुचेल. हे सगळं मिळून साधारण 6 मैल आहे, रस्त्याच्या 20 एक फूट खाली. पण तो एक सलग टनेल नाहीच. 1930 च्या दशकात दोन-चार जागा जोडण्यापासून सुरुवात झाली, 1947 मध्ये फोलीज नावाचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर उघडलं त्याने समोरच्या आपल्या गराजपर्यंत रस्त्याखालून वाट काढली, मग बँका आल्या, तेल कंपन्या आल्या, आणि ज्याने त्याने आपापलं तळघर शेजारच्याला जोडून घेतलं. बहुतेक तुकडे अजूनही त्या त्या बिल्डिंगच्या मालकीचे आहेत. चालताना हे पायाला कळतं, एका जागी गुळगुळीत ग्रॅनाइट संपतो आणि एका रेषेत गालिचा सुरू होतो, छत एकदम खाली येतं, दिव्यांचा रंग बदलतो, की समजायचं बिल्डिंग बदलली. मधे कुठेतरी थोडा उतार-चढ लागतो तो रस्त्याखालचा भाग, तिथे दुकान नसतं, नुसती भिंत आणि पाटी. संध्याकाळी सहानंतर आणि शनिवार-रविवारी बहुतेक बंद, कारण ऑफिसंच बंद.

आणि काही ठिकाणी भिंतीत जाडजूड पोलादी दारं आहेत. जून 2001 मध्ये ॲलिसन वादळाचा पाऊस झाला तेव्हा पाणी आधी गराजांमध्ये उतरलं आणि या वाटांनी एका तळघरातून दुसऱ्यात गेलं, जोन्स हॉल नावाच्या संगीत सभागृहाच्या तळघरात ऑर्केस्ट्राची वाद्यं आणि स्वरलिप्यांचा संग्रह पाण्यात गेला. ती दारं त्यानंतरची. मला हे सांगावंसं वाटलं कारण पाणी आत आलं तेव्हाच कळलं की हे सगळं खरोखर एकच आहे.

टोरंटोवाली

आमच्याकडे याहून मोठं आहे, 30 किलोमीटरच्या वर, आणि त्याला नावच आहे, पाथ (PATH). सुरुवात इथेही दुकानापासूनच, 1900 मध्ये ईटन्सने आपलं मुख्य दुकान आणि स्वस्त मालाची इमारत खालून जोडली. पण पुढे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी महानगरपालिकेने सगळीकडे सारख्या पाट्या लावल्या, आणि त्या पाट्यांवर पाथच्या चारही अक्षरांना वेगळा रंग दिला, लाल दक्षिण, केशरी पश्चिम, निळा उत्तर, पिवळा पूर्व. खाली सूर्य दिसत नाही, त्यामुळे दिशा अशी रंगाने सांगावी लागते. नवीन आलेला माणूस हमखास चुकतो. हिवाळ्यात उणे वीसमध्ये कोट ऑफिसात ठेवून जेवायला जाता येतं ही चैन आहे.

आम्ही मराठीत 'पाथने ये', 'पाथमध्ये भेटू' म्हणतो, विशेषनाम असल्यामुळे भाषांतराचा प्रश्नच येत नाही. माँट्रियलला तर नावातच उत्तर आहे बघा, 1962 मध्ये प्लास व्हिल मारी या इमारतीपासून त्यांचं सुरू झालं आणि 2004 मध्ये नाव दिलं रेझो, फ्रेंचमध्ये त्या उच्चाराच्या शब्दाचा अर्थ जाळं. तुम्ही वर्णन करताय तेही वाट कमी आणि जाळं जास्त आहे.

टेंडरवाचक

मी पालिकेच्या कामांची मराठी कागदपत्रं रोज बघतो. तिथे शब्द ठरलेला आहे, 'पादचारी भुयारी मार्ग'. पण माझं म्हणणं आहे की भुयार आणि भुयारी हे आता दोन वेगळे शब्द झालेत आणि हे कोणी वर बोललं नाही. भुयार नाम म्हणून अजून गूढ आहे, मान्य, पण भुयारी हे विशेषण पार साधं झालंय. भुयारी गटार योजना म्हटलं तर कोणाला शिवकाल आठवतो का? भुयारी वीजवाहिन्या, भुयारी मेट्रो, मेट्रो 3 च्या वेळी तर पेपरात रोज 'भुयारीकरण' येत होतं. दिवे आहेत का असं भुयारी मेट्रोबद्दल कोणी विचारत नाही. तेव्हा भुयारी बिनधास्त वापरा.

मग पुढचा शब्द. मार्ग हा सरकारी पाटीवरचा, रस्ता गाड्यांचा. वाट माणूस पायाने चालतो ती, पायवाट, आडवाट, पाणंदवाट. आणि वाटेला फाटे फुटतात, वाटेत माणूस थांबतो, वाटेत दुकान लागतं, भेटगाठ होते, हे सगळं वाट या शब्दात आधीच आहे. म्हणून भुयारी वाट, आणि सगळ्या मिळून भुयारी वाटा. अनेकवचन महत्त्वाचं आहे, कारण एकवचनात परत आरपार बोगदाच डोळ्यांसमोर येतो.

एक अजून, गराजसाठी वाहनतळ लिहिणार असाल तर जरा जपून. 'तळ'घर आणि वाहन'तळ' एकाच परिच्छेदात आले की वाचणारा गोंधळतो, वाहनतळातला तळ हा तळ ठोकण्यातला आहे, बुडाचा नाही. वाहनतळ सात मजले उंचही असतो. आईसाठी लिहिताय तर सरळ पार्किंग लिहा.

डाउनटाउनकर

भुयारी वाटा एकदम पटलं. असं लिहिलंय, बघा: "पार्किंगच्या लिफ्टने खालच्या मजल्यावर उतर. समोर भुयारी वाट सुरू होते, दिवे आहेत, एसी आहे, गर्दी असते. खाण्याची दुकानं उजवीकडे ठेवून सरळ ये, गालिचा लागला की तीच माझी बिल्डिंग."

घाटमाथा

छान आहे, काही बदलू नका.

मुलुंडकर

वाक्य मस्त. आता एक राहिलं, बोलताना तुम्ही 'तो टनेल' म्हणता की 'ते टनेल'? मी तो म्हणतो, बोगदा तो म्हणून असेल, माझी बायको ते म्हणते, भुयार ते म्हणून.

टोरंटोवाली

आमच्या ग्रुपात तो टनेल, पण पाथ मात्र निम्मे लोक 'ती पाथ' म्हणतात. बहुतेक मनात वाटच असते.