मीठ आणि उजेड: ख्रिस्ती साक्षीचे आपले अनुभव

डोंगरावरील प्रवचनात येशूने शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हटले आणि जगाचा प्रकाशही म्हटले (मत्तय 5:13-16). मीठ अन्नात विरघळले की दिसेनासे होते, दिवा मात्र दिवठणीवर ठेवायचा असतो. आणि लगेच पुढच्या अध्यायात, माणसांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, असा इशाराही आहे. साक्ष म्हणजे आपल्या जगण्याबोलण्यातून आपला विश्वास इतरांना दिसणे; ती देताना या वचनांचा मेळ प्रत्यक्ष कसा बसतो, हे जाणून घेण्यासाठी हा धागा सुरू करीत आहे. किती जणांना सुवार्ता सांगितली याचा हिशेब येथे नको. आपल्या कामात आणि शेजारात जे घडले ते लिहावे. अन्यधर्मीय वाचकांनीही अवश्य लिहावे, कारण आपला उजेड कुठवर पोहोचतो हे बाहेरून पाहणाऱ्यालाच अधिक कळते.

निवृत्त परिचारिका, मिरज

डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि त्यामुळे आमच्या गावातील अनेक ख्रिस्ती मुलींना परिचारिकेचे काम हीच प्रभूची सेवा वाटू लागली. मीही त्यांपैकीच एक. पुढे माझी नोकरी दुसऱ्या गावातील एका मोठ्या रुग्णालयात झाली. तेथे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या पाठीला जखमा होत असत. त्या टाळायच्या तर दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी लागते, कातडी कोरडी ठेवावी लागते आणि चादरीला सुरकुती राहू द्यायची नसते. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, कारण ते नीट झाले तर काहीच घडत नाही. मीठ सडणे थांबवते असे मी लहानपणापासून उपासनेत ऐकत आले होते. त्याचा अर्थ मला त्या वॉर्डात कळला. ज्यांच्याजवळ नातेवाईक नव्हते अशा रुग्णांकडे मी आधी जात असे. काही महिन्यांनी रात्रपाळीच्या मावशींनीही तोच क्रम धरला. त्यांना मी कधी उपदेश केला नव्हता. एकीने मात्र एकदा विचारले, "सिस्टर, तुम्ही यांच्यापासूनच का सुरुवात करता?" तेव्हा मी त्यांना येशूने कुष्ठरोग्याला हात लावल्याची गोष्ट सांगितली. विचारले म्हणून सांगितली, आणि तेवढीच सांगितली.

शिक्षिका, जामखेड तालुका

मी ख्रिस्ती नाही, तरी आमंत्रण आहे म्हणून लिहिते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 मध्ये जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बायकांना, ज्यांत दलित आणि निरक्षर बायका पुष्कळ होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. माझी आत्या त्यांपैकी एक. ज्या घरांच्या उंबऱ्याबाहेर तिला उभे राहावे लागे, त्याच घरांत पुढे बाळंतपणासाठी तिला हाताला धरून आत नेऊ लागले. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे जगाला ठाऊक आहे. आत्याला मात्र डॉक्टर आपल्याबरोबर जमिनीवर बसून जेवत, याचेच अप्रूप अधिक होते. ते ख्रिस्ती आहेत हे सर्वांना माहीत होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. तरीही आत्या शेवटपर्यंत आपल्या विठ्ठलाचीच राहिली आणि त्यावरून त्यांच्या नात्यात काडीचाही फरक पडला नाही. तुम्ही ज्याला साक्ष म्हणता ती हीच असावी, असे मला वाटते.

शासकीय कर्मचारी, सोलापूर

थोडक्यात लिहितो. मी पाकीट घेत नाही, यात मोठेपणा नाही; ज्याचे मीठ खातो त्याला जागावे, एवढेच ते आहे. अवघड भाग वेगळाच आहे. न घेणाऱ्याच्या नुसत्या असण्याने घेणाऱ्याला टोचते, आणि मग आपल्या वागण्यात नकळत ताठा येतो. पौलाने कलस्सैकरांस लिहिताना बोलणे कृपायुक्त आणि मिठाने रुचकर केल्यासारखे असावे असे म्हटले आहे (4:6). हे वचन मी टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. सहकाऱ्याच्या घरी आजारपण आले की त्याचे काम मी मागून घेतो. त्याशिवाय माझ्या नकाराला काही चव नाही.

शेतकरी, वसई

माझे वडील मिठागरावर कामाला होते. भरतीचे पाणी आत घ्यायचे, उथळ वाफ्यांत उन्हाने आटवायचे, तयार मीठ ओढून रास करायची आणि पावसाळ्यापूर्वी ती गवताने शाकारायची, असा तो उद्योग. ज्या मिठात माती मिसळली त्यावर पाणी पडले की खारटपणा वाहून जातो आणि मागे पांढुरका गाळ तेवढा उरतो. दिसायला तो मिठासारखाच असतो, पण वडील तो पायवाटेवर टाकीत. खारटपणा गेलेले मीठ बाहेर टाकून पायांखाली तुडवले जाते, हे येशूचे वचन मी त्यामुळे कधीच अतिशयोक्ती मानले नाही.

वसईत जमिनींना सोन्याचा भाव आला तेव्हा आमच्या समाजापुढे हीच परीक्षा उभी राहिली. चर्च भरलेली होती, सण थाटात होत होते. पण विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेले जात होते आणि धाकदपटशाने जमिनी बळकावल्या जात होत्या. त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने लोकांना रस्त्यावर आणले. त्या मोर्च्यांत माझी आई इतर गाववाल्या बायकांबरोबर चालली, आणि सोबत हिंदू शेजारणीही होत्या, कारण विहीर आटली तर सगळ्यांचीच आटणार होती. पुढे 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांना मिळाले तेव्हा आम्हाला अभिमान वाटलाच. तरी आईच्या लेखी त्यांची साक्ष त्या धुळीच्या रस्त्यावरच झाली होती. मी वाडी विकली नाही. माझ्या मुलांना हा निर्णय पटलेला नाही, आणि त्यांचे म्हणणे मी ऐकून घेतो, कारण त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्नही खरा आहे.

भजनी मंडळातील एक, अहिल्यानगर जिल्हा

वरचे सर्व मनापासून वाचले. फक्त एका गोष्टीवर माझे मत निराळे आहे. काम बोलते म्हणून आपण बोलूच नये, असा सूर येथे लागत आहे, तो मला पुरेसा वाटत नाही. दिवा मापाखाली ठेवू नये हेही प्रभूचेच शब्द आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ताला अभंगांत आणि कीर्तनांत गायले, आणि आमच्या गावात आजही टाळमृदंगावर ती भजने म्हटली जातात तेव्हा वारकरी मंडळी येऊन शेजारी बसतात. आम्ही त्यांच्या सप्ताहात पंगती वाढायला जातो, ती आमच्या नाताळला मंडप बांधतात. त्यांना आमचा विश्वास काय आहे ते नेमके ठाऊक आहे, कारण आम्ही ते गाऊन सांगतो. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्यायला तयार असावे, असे पेत्र म्हणतो (1 पेत्र 3:15). मिरजेच्या सिस्टरांनी त्या मावशींना उत्तर दिले, म्हणून त्यांचा अनुभव मला सर्वांत अधिक भावला. त्या मावशी पुढे काय म्हणाल्या, हेही सिस्टरांनी सवडीने लिहावे, अशी विनंती करतो.