व्हिक्टोरियन लंडनमधले डिटेक्टिव्ह नक्की कोण असायचे?

गुहागरचा वारा:
गणपतीत आमच्या वाडीत नाटक असतं, यंदा मी रहस्यकथा लिहायला घेतलीय, १८६० च्या आसपासचं इंग्लंड. मोठ्या घरात खून होतो आणि डिटेक्टिव्ह येतो. पण तो येतो कुठून, पोलिसातला की खाजगी? पैसे कोण देतं? आणि बायका होत्या का ह्या कामात, कारण आमच्याकडची एक मुलगी जबरदस्त अभिनय करते, तिला नुसता चहाचा ट्रे आणायला लावायचं नाहीये मला.

रत्नागिरीची माई:
खुनाचा तपास म्हटलं की पोलिसातलाच घ्या. लंडनच्या पोलिसांत साध्या कपड्यातली डिटेक्टिव्ह शाखा १८४२ मध्ये निघाली, तेव्हा माणसं फक्त ८, दोन इन्स्पेक्टर आणि सहा सार्जंट. लोकांना हे साध्या कपड्यातले पोलीस अजिबात आवडायचे नाहीत, हेरगिरी वाटायची. त्यातून हे साध्या घरातले, आणि जाऊन उमरावांच्या कपाटातले कपडे तपासणार, म्हणजे बघा. १८६० मध्ये रोड नावाच्या गावात तीन वर्षांच्या मुलाचा खून झाला, इन्स्पेक्टर विचर लंडनहून गेला आणि त्याने मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीला, कॉन्स्टन्सला पकडलं. पुरावा कमी पडला, ती सुटली, पेपरवाल्यांनी विचरला झोडपला. १८६५ मध्ये तिने स्वतःहून कबुली दिली, पण तोवर त्याची पोलिसातली नोकरी संपली होती. मला ह्या माणसाबद्दल फार वाईट वाटतं. तुमचं नाटक इथेच आहे.

खाजगीवाल्यांचं काम वेगळं. १८५७ च्या कायद्याने घटस्फोट कोर्टात मिळायला लागला, मग नवरा किंवा बायको बाहेर कोणाला भेटते ह्याचा पुरावा लागायचा, तो हे आणून द्यायचे. पैसे अर्थात अशिलाचे. पोलिसातून रिटायर झालेले बरेच जण ह्यात शिरले, इन्स्पेक्टर फील्ड त्यातलाच.

कुडाळचो झील:
माका वाटता लंडन कित्याक, मुंबई घेवा ना! चार्ल्स फोर्जेट म्हणून मुंबई पोलिसांचो साहेब होतो, हयच वाढलेलो, आपल्या भाषा फाडफाड बोलायचो आणि वेष बदलून गावात फिरायचो. १८५७ मध्ये सोनापूरच्या एका घरात शिपायांची गुप्त बैठक त्याने भिंतीआडून ऐकली.

गुहागरचा वारा:
माई, खूप आभार, विचरवरच लिहितो. दादा, फोर्जेट भारी आहे पण ते नाटक पुढच्या वर्षी. बायकांचं राहिलं?

रत्नागिरीची माई:
हो, राहिलंच. लंडनच्या पोलिसात बायका १९१९ मध्ये आल्या. त्याआधी ठाण्यात पकडलेल्या बायकांची झडती घ्यायला बाई ठेवायचे, बऱ्याचदा पोलिसाचीच बायको. खाजगी ऑफिसं मात्र बायकांना कामाला घ्यायची, कारण पुरुष जिथे जाऊ शकत नाही तिथे बाई मोलकरीण होऊन शिरते. तेव्हा तिच्या हातात ट्रे राहू दे, फक्त ती कोणाच्या पगारावर आहे ते तिसऱ्या अंकात कळू दे.